अस्वल नसल्याबाबत

व्याघ्र प्रकल्पाच्या कचेरीत तिला सगळे ‘पट्टेवाली’ म्हणत. हे नाव ऐकून नवा आलेला माणूस तिलाच चहा आणायला सांगे. मग तिला दर वेळी समजावून सांगावं लागे की आपण शिपाई नव्हे, आपण वाघांचे पट्टे ओळखतो.

जंगलात झाडांच्या बुंध्यांना साठ कॅमेरे बांधलेले होते. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढत. दर पंधरा दिवसांनी वनरक्षक त्यांची कार्डं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून आणत आणि तिच्या टेबलावर ठेवत. मग ती, तिचा संगणक आणि कुरकुरणारा एक पंखा. कुठल्या वाघाच्या डाव्या कुशीवरचा पट्टा कुठं दुभंगतो, कुठल्या वाघिणीच्या मांडीवर गाठ मारल्यासारखी खूण आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. सख्ख्या बहिणीच्या जुळ्यांना ती अजून एकमेकांच्या नावानं हाक मारी, पण वाघाच्या बाबतीत तिची चूक कधी कुणी पकडली नव्हती.

अर्थात वाघ क्वचित यायचे. बहुतेक फोटो वाऱ्यानं हललेल्या फांदीचे, नाहीतर माकडांच्या बुडांचे. प्रत्येक फोटोला एक आकडा दाबायचा : वाघ एक, बिबट्या दोन, अस्वल तीन, असं करत करत माणूस नऊ. नऊ दाबला की तो फोटो थेट गस्तीपथकाकडे आणि साहेबांच्या टेबलावर जायचा, कारण गाभा क्षेत्रात परवान्याशिवाय फिरणारा माणूस म्हणजे बहुधा शिकारीच.

त्या दिवशी तिनं चौदा नंबरचं कार्ड लावलं. चौदा नंबर म्हणजे साठातला सगळ्यात आळशी कॅमेरा. वर कड्याखाली, कोरड्या उतारावर, जिथं कुणी फिरकत नसे, म्हणून त्याचं कार्डही दोन-तीन महिन्यांतून एकदाच येई. तो काढून दुसरीकडे लावा असं तिनंच दोनदा सुचवलं होतं. आणि आज त्याच कॅमेऱ्यात दोनशेच्या वर फोटो! सांबराच्या माद्या, भेकर, रानडुकरांचं अख्खं कुटुंब, एक साळिंदर. ती खुर्चीत सरसावून बसली.

मग एक फोटो आला. सकाळचे सात वाजून बारा मिनिटं, धुकं, आणि धुक्यात पाठमोरं, वाकलेलं, काळंभोर, जाडजूड काहीतरी. तिचं बोट तीनवर गेलं आणि तिथंच थबकलं.

अस्वलाच्या कोपरावर ठिगळ होतं.

लोकरीचं, किरमिजी रंगाचं. ते ठिगळ तिच्या डोळ्यांदेखत आईनं लावलं होतं, आणि काळ्या स्वेटरला किरमिजी ठिगळ का, यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली होती. तिनं पुढचा फोटो उघडला. अस्वल आता वळलं होतं. कानटोपी काढून, कॅमेऱ्याच्या काळ्या काचेत बघून ते भांग पाडत होतं.

“बाबा!” ती मोठ्यानं म्हणाली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

तिनं बोट नऊवर नेलं, मागे घेतलं. दारात कुणी नव्हतं. पंखा कुरकुरत होता. तिनं डोळे मिटले आणि तीन दाबला. त्या कार्डात असे सात फोटो निघाले. सातही वेळा तीन.

बाबा म्हणजे याच जंगलाचे पस्तीस वर्षं वनरक्षक. वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि घरात गस्त घालायला लागले. सकाळ-संध्याकाळ घराभोवती एक फेरी. कुंडीतल्या मातीत शेजारच्या मांजराचे ठसे बघून ते कधी आलं, कुठल्या पायानं लंगडतंय, हे आईला सांगत. आई वैतागून म्हणायची, “अहो, घराला गस्त नको आहे, भाजी हवी आहे!” दोन महिन्यांपूर्वी मात्र त्यांनी एकदम जाहीर केलं की दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे आपण गुडघ्यांच्या व्यायामाच्या वर्गाला जाणार. आईला आनंद झाला. चार लोकांत तिनं ते सांगितलंही.

संध्याकाळी बाबा मागच्या पायरीवर चहा पीत बसले होते. ती शेजारी जाऊन बसली.

“बाबा, वर्गात काय काय शिकवतात हो?”

“हेच आपलं. वाकायचं, उठायचं. परत वाकायचं.”

“आणि भांग कधी पाडायचा? सगळं झाल्यावर?”

कप ओठांपाशीच थांबला. बाबांनी एकदा घराच्या दाराकडे बघितलं. आई आत होती.

“चौदा नंबर?” त्यांनी हळूच विचारलं.

“चौदा नंबर.”

“फोटो बरा आलाय का?”

“बाबा!”

“अगं, मी तो कॅमेरा बंद पडलाय असं समजत होतो. वर्षभर त्याच्यात काही आलं नाही असं तूच म्हणायचीस.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कड्याखाली झरा होता. बाबा नोकरीला लागले तेव्हा तो बाराही महिने वाहायचा. पुढं एका वर्षी वरून दरड आली, झरा गाळानं बुजला, त्यावर घाणेरीचं रान माजलं आणि जनावरांनी तो उतारच सोडून दिला. झरा मोकळा करावा म्हणून बाबांनी नोकरीत असताना तीन अर्ज दिले. तिन्ही अर्जांवर एकच उत्तर आलं : नोंद घेण्यात आली.

“मग?”

“मग काय? नोंद त्यांनी घेतली, कुदळ मी घेतली.”

तिला हसू येत होतं आणि रडूही. “बाबा, तुमच्यामागून बावीस मिनिटांनी त्याच वाटेनं दोनफाटी गेली आहे. दोन पिल्लं घेऊन. फोटोवर वेळ असते.”

दोनफाटी म्हणजे कुशीवरचा पट्टा दुभंगलेली वाघीण. बाबा गंभीर झाले.

“बावीस?” ते म्हणाले. “मला वाटलं, अर्धा तास तरी असेल.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“ठसे ताजे होते. ती माझी वाट बघते गं. मी गेलो की येते. समजूतदार आहे.”

“समजूतदार! बाबा, ती वाघीण आहे, शेजारीण नव्हे. तुम्हाला काही झालं तर आम्हाला तुम्ही कुठं आहात हेसुद्धा ठाऊक नसेल. आई त्या व्यायामाच्या वर्गात जाऊन शोधत बसेल!” ती उठून उभी राहिली. “आता एक दिवसही जायचं नाही.”

बाबांनी उरलेला चहा संपवला. “बरं,” ते म्हणाले.

बाबांच्या ‘बरं’चा अर्थ फक्त ‘ऐकलं’ एवढाच असतो, हे आईला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. लेकीला कळायला पंधरा दिवस लागले. चौदा नंबरचं कार्ड तिनं या वेळी मुद्दाम लगेच मागवलं, तर त्यात अस्वलाचे अकरा फोटो होते. एका फोटोत अस्वल दगडावर बसून डब्यातलं काहीतरी खात होतं.

तिनं अकरा वेळा तीन दाबला. आता मागे फिरायचं कसं, हेच तिला सुचेना.

आठवड्याभरानं साहेब हातात कागद फडकावत तिच्या खोलीत आले. साहेब तसे भले गृहस्थ, पण आकडा वर गेला की त्यांना भान राहत नसे.

“ताई, अस्वलं! गेल्या वर्षी अख्ख्या प्रकल्पात एक नोंद, तीही शंकास्पद. आणि आता एकट्या चौदा नंबरवर अठरा!”

“सर, अठरा नोंदी म्हणजे अठरा अस्वलं नव्हेत,” ती घाईनं म्हणाली. “एकच असेल. म्हातारं असेल. कधीही यायचं बंद होईल.”

“एकच असू दे हो! पण किती नियमित! मी तारखा काढल्या. फक्त मंगळवार आणि शुक्रवार!” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “निसर्गाला केवढी शिस्त असते बघा. नाहीतर आपला कर्मचारीवर्ग.”

“सर, मला एक सांगायचं होतं...”

“नंतर सांगा. मी वर कळवलंय. अस्वलांच्या एक मोठ्या तज्ज्ञ बाई मुद्दाम येताहेत. परवा.”

साहेब गेले. खरं तर तेव्हाच धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण ती धावली नाही. पंख्याकडे बघत बसून राहिली.

अस्वलबाई आल्या त्या पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. बुटकेली, तुरतुरीत बाई. मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या जुन्या खुणा. साहेबांनी बैठकीची खोली झाडून घेतली होती. पडदे ओढले, भिंतीवर फोटो दिसू लागले. पट्टेवाली संगणकापाशी बसली होती. भांगाचा फोटो तिनं सगळ्यात शेवटी ठेवला होता.

पहिला फोटो. धुक्यातली पाठ.

“हं,” अस्वलबाई म्हणाल्या. “चांगलं खाल्लं-प्यायलेलं दिसतंय. वय झालंय. डाव्या गुडघ्यात काहीतरी दोष आहे.”

साहेब भराभर लिहून घेत होते. “वय... गुडघा...”

दुसरा फोटो. तिसरा. अस्वलबाई खुर्ची पुढं पुढं ओढत गेल्या. पाचव्याला त्या उठून भिंतीपाशीच गेल्या.

“हे दोन पायांवर उभं आहे.”

“अस्वलं राहतात ना उभी?” साहेब उत्साहानं म्हणाले.

“राहतात. पण खांद्यावर कुदळ घेऊन नाही राहत.”

साहेबांचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं आणि तिथं शाईचा मोठा ठिपका होत गेला. पट्टेवाली उठून उभी राहिली.

“सर, ते माझे बाबा आहेत.”

“कोण? अस्वल?”

“हो सर.”

अस्वलबाईंना जे हसू फुटलं ते थांबेचना. त्यांनी भिंतीला हात टेकला, मग कपाळ टेकलं. साहेब मात्र लालबुंद झाले. “हसण्यासारखं काय आहे यात? राखीव क्षेत्रात विनापरवाना प्रवेश! आणि ताई, तुम्ही नोंदी फिरवल्यात! नऊ दाबायचा होता!”

“हो सर. नऊ दाबायचा होता.” तिनं मान खाली घातली. “शिकाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालायला हात धजावला नाही. ते झरा मोकळा करत होते.”

“कसला झरा? नकाशात तिथं झरा नाही!”

“त्यांचे तीन अर्ज आहेत, सर. नोंद घेतलेले.”

साहेब काहीतरी बोलणार होते, पण अस्वलबाईंनी हात वर केला. त्यांचं हसू ओसरलं होतं आणि त्यांनी पट्टेवालीच्या शेजारी बसून स्वतःच एकेक फोटो पुढं ढकलायला सुरुवात केली होती. अस्वल. सांबर. सांबर. भेकर. डुकरं. अस्वल. मोर. दोनफाटी, मागे दोन पिल्लं, एकाच्या मिशांवर पाण्याचे थेंब.

“मागच्या वर्षी इथं काय होतं?” त्यांनी विचारलं.

“माकडं,” पट्टेवाली म्हणाली. “आणि फांद्या.”

“उद्या सकाळी वर जाऊ. या अस्वलालाही घ्या बरोबर. वाट त्यालाच माहीत असणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कचेरीची जीप दारात येऊन उभी राहिली. शुक्रवारच होता. आई दार उघडून बघत राहिली. मग बूट चढवणाऱ्या बाबांकडे वळून म्हणाली, “व्यायामाच्या वर्गाची जीप येते होय हल्ली न्यायला?” बाबांनी हयातीत दोनदा वाघाला समोरासमोर तोंड दिलं होतं. पण या वेळी ते तिच्याकडे न बघताच जीपमध्ये चढले आणि चालकाला म्हणाले, “चल, चल लवकर.”

जीप जिथपर्यंत जाते तिथून पुढं तासभराची चढण. पुढं बाबा, मागे अस्वलबाई, मग साहेब, पट्टेवाली आणि शेवटी बंदूकवाला वनरक्षक. पट्टेवालीनं हे जंगल संगणकाच्या पडद्यावर हजारो वेळा पाहिलं होतं, पण फोटोला वास नसतो. इथं ओल्या पाल्याचा वास होता, एका वळणावर डुकरांचा उग्र दर्प, आणि मध्येच एका बुंध्यापाशी बाबा थांबून म्हणाले, “वास घे.” तिनं घेतला. शिजलेल्या भातासारखा. “दोनफाटीची फवारणी,” बाबा म्हणाले. “इथून पुढं माझं, असं म्हणते ती.” साहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि वनरक्षकाच्या जरा जवळून चालू लागले.

कड्याखाली घाणेरीत बाबांनी माणूसभर उंचीचा बोगदा कापला होता. पलीकडे खडकात मोठ्या परातीएवढं पाणी. तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. वरच्या फटीतून करंगळीएवढी धार पडत होती आणि खाली चिखलात इतके खूर, नखं आणि पंजे उमटले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात वाघिणीचा पंजा आणि त्याच्या आत-बाहेर पिल्लांचे छोटे छोटे ठसे. चतुर भिरभिरत होते. साहेबांनी वाकून पाण्यात हात घातला.

अस्वलबाई मात्र पलीकडच्या वारुळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. वारूळ मधोमध फोडलेलं, मातीवर लांब नखांचे ओरखडे. “ताई,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे काही तुमच्या वडिलांचं काम नव्हे.”

“मी वारुळाला हात लावत नाही,” बाबा दुखावून म्हणाले.

तेवढ्यात घाणेरीत सळसळ झाली. बाबांनी नुसता तळहात खाली केला आणि सगळे होते तिथं बसले. झुडपातून फुसफुसत, नाकानं माती हुंगत, अंगावर केसांचा काळा पसारा घेऊन एक खरंखुरं अस्वल बाहेर आलं. त्यानं पाणी प्यायलं, आवाज करत, अगदी बेशिस्तपणे. मग चौदा नंबरच्या झाडाला पाठ लावून ते खरखरा अंग घासू लागलं. कॅमेरा वाकडा झाला. अस्वलानं वळून त्याच्याकडे बघितलं, हुंगलं, दातांनी पट्टा तोडला आणि कॅमेरा खाली पाडून त्यावर बसलं. साहेबांनी पट्टेवालीची बाही घट्ट धरली होती आणि ते पुटपुटत होते, “सरकारी मालमत्ता... सरकारी मालमत्ता...” पण त्यांचा चेहरा जत्रेतल्या पोराचा झाला होता. अस्वल निघून गेल्यावर पाच मिनिटं कुणी उठलं नाही. अस्वलबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

तरीही नियम तो नियम. पट्टेवालीला लेखी समज मिळाली, आणि अठरा नोंदी खोडून तिनं त्यांच्या जागी एक खरी नोंद घातली. बाबांकडून खुलासा मागवला गेला. तो त्यांनी दोन दिवस बसून, स्वच्छ अक्षरात लिहिला :

‘विषय : अस्वल नसल्याबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज (नोंद घेण्यात आलेले).
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, कॅमेरा क्र. १४ मध्ये दिसणारा प्राणी हा अस्वल नसून खाली सही करणारा आहे. आत जाऊ नये अशी तेथे पाटी आहे हे खरे आहे. सदर पाटी खाली सही करणाऱ्यानेच रंगवलेली आहे. कन्येने वडिलांच्या काळजीपोटी चुकीचे बटण दाबले. तिला वाघ ओळखता येतात, बाप ओळखता आला नाही असे समजून क्षमा व्हावी. झऱ्याचे डाव्या बाजूचे काम अर्धे राहिले आहे.’

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. समासात सवयीनं ‘नोंद घेण्या’ इथपर्यंत लिहिलं, ते खोडलं आणि खाली लिहिलं, ‘स्वतः पाहून आलो. काम पुरे करावे.’ झरा नकाशावर चढला. बाबांना परवाना मिळाला, पण अट अशी की बरोबर दोन तरुण वनरक्षक हवेत. पहिल्याच दिवशी परत येऊन बाबा तक्रार करू लागले की पोरं चढणीवर दमतात.

हे सगळं ऐकून घ्यायला आई मात्र राजी नव्हती. गेले चार दिवस ती बाबांशी थेट बोलतच नव्हती. “तुझ्या वडिलांना सांग, जेवण वाढलंय,” असं चाललं होतं. बाबांनी सगळ्या चुका कबूल केल्या. वर्गाचं खोटं, कुदळीचं खोटं, डब्याचं खोटं. आई ढिम्म. शेवटी पाचव्या दिवशी तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“अहो, वाघिणीला माहीत होतं तुम्ही कधी येता ते. मला नव्हतं.”

ती फडक्याची घडी घालू लागली.

“पस्तीस वर्षं तुम्ही त्या जंगलात जात होतात. मी दारात उभी राहून वाट बघितली. एकदा तरी मला म्हणालात का, चल, दाखवतो?”

“तू कधी बोलली नाहीस,” बाबा चाचरत म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

लेक मध्ये पडली नाही. दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि आईच्या नावाचा एका दिवसाचा रीतसर परवाना मागितला. साहेबांनी सही करताना फक्त एवढंच विचारलं, “त्यांना कुठल्या बटणात घालणार आहात?” “नऊमध्ये, सर,” ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी आई चढण चढली. तीनदा बसली, चौथ्यांदा बाबांचा हात धरला आणि मग सोडला नाही. झऱ्यापासून थोडं वर, खडकाच्या आडोशाला आई, बाबा आणि लेक बसले. दोन्ही वनरक्षक मागे. बराच वेळ काहीच आलं नाही. मग खालच्या झाडीतून एक सांबराची मादी आली. पुढचा पाय उचलून थांबली, कान फिरवले, मान वळवून मागे बघितलं. तेव्हा कुठं तिच्यामागून पाडस बाहेर आलं. ते पाण्याशी गेलं, स्वतःचं तोंड बघून दचकलं, मागे सरलं, पुन्हा गेलं. आईनं तोंडावर पदर धरला होता. अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. असा अर्धा तास लेकीनं जन्मात पाहिला नव्हता.

बोलली ती परतीच्या वाटेवर. मादी कशी आली, पाय कसा उचलला, पाडस कसं दचकलं, सगळं पहिल्यापासून, बाबांना. जणू ते तिथं नव्हतेच. आणि बाबा चालता चालता दर वळणावर विचारत होते, “हो? मग पुढं काय केलं त्यानं?”